तिसऱ्याला दिलेले मत

निवडून येण्याची चिन्हे नसलेल्या उमेदवाराला दिलेले मत वाया जाते, हा समज आपल्या मतमोजणीच्या पद्धतीतून आला आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ज्याला इतर प्रत्येकापेक्षा एक मत जास्त, तो विजयी. निम्मी मते मिळवण्याची अट नाही आणि दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या क्रमांकावर पडलेल्या मतांतून सभागृहात कोणीही जात नाही. अशा नियमामुळे मतदार हळूहळू दोन बलाढ्य बाजूंकडे ओढला जातो, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडले. वऱ्हाडात प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांत तेच एका वाक्यात सांगितले जाते, ‘पडणाऱ्याले मत देऊन काय फायदा?’

या प्रश्नाचा विचार करायला वऱ्हाडाइतका चांगला मुलूख महाराष्ट्रात क्वचित सापडेल. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही मतदारसंघांत तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते विजेत्याच्या मताधिक्यापेक्षा कितीतरी जास्त होती. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले आणि प्रहारचे दिनेश बूब यांना ८५,३०० मते पडली. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी जिंकले. वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाखांवर होते. बुलढाण्यात शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांचे मताधिक्य २९,४७९ होते, तर शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी अपक्ष उभे राहून जवळपास अडीच लाख मते घेतली. निकाल फिरवण्याइतकी ताकद ज्या मतांत होती, त्यांना ‘बिनकामाची’ म्हणणे मुळातच जुळत नाही. म्हणून तक्रार थोडी बदलते. मत नुसते वाया जात नाही, ते नको त्याला निवडून आणते, असे म्हटले जाते. मतविभाजन, मते खाणे, ‘बी टीम’ हे सारे शब्द या तक्रारीतले.

ही तक्रार बेरजेवर उभी असते. दुसऱ्याची मते अधिक तिसऱ्याची मते, आणि उत्तर पहिल्यापेक्षा मोठे आले की दोष तिसऱ्याचा. अमरावतीत ही बेरीज मांडून पाहिली तर ती किती डळमळीत आहे ते कळते. दिनेश बूब उमेदवारीआधी ठाकरे यांच्या शिवसेनेत होते, म्हणजे काँग्रेसच्या मित्रपक्षात. त्यांना उमेदवारी देणारा बच्चू कडू यांचा प्रहार जनशक्ती पक्ष मात्र तेव्हा राज्यात महायुतीच्या सोबत होता आणि उघडपणे महायुतीच्याच उमेदवार नवनीत राणा यांच्या विरोधात लढत होता. मग त्या ८५,३०० मतांपैकी किती मते बूब नसते तर वानखडेंकडे गेली असती, किती राणांकडे, आणि किती लोक घरीच बसले असते? मतयंत्रातून एवढेच कळते की बटण कोणते दाबले. अमरावती शहरात राजापेठेतल्या केंद्रावर बूब यांना मत देणारा आणि अचलपूरच्या खेड्यात त्यांनाच मत देणारा एकाच कारणाने आला होता असे धरून चालणे म्हणजे मतदाराला न विचारता त्याचे दुसरे मत आपणच टाकून मोकळे होणे.

अकोल्याचा अनुभव याहून जुना आणि बोलका आहे. १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन निवडणुका भाजपचे पांडुरंग फुंडकर जिंकले. १९९८ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन नेत्यांची मोट बांधली गेली. त्या एका निवडणुकीत प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून असे चार रिपब्लिकन खासदार लोकसभेत पोहोचले. १९९९ मध्ये आंबेडकर पुन्हा निवडून आले. २००४ पासून काँग्रेस आणि आंबेडकर वेगवेगळे लढत राहिले आणि भाजपचे संजय धोत्रे सलग चार वेळा जिंकले.

२००९ ते २०२४ या काळातल्या चार निवडणुकांतले आकडे वाचताना घाई करू नये. २००९ मध्ये आंबेडकर दुसरे आणि काँग्रेस तिसरी. २०१४ मध्ये काँग्रेसचे हिदायत पटेल दुसरे, आंबेडकर तिसरे. २०१९ मध्ये पुन्हा आंबेडकर दुसरे, पटेल तिसरे. २०२४ मध्ये काँग्रेसचे अभय पाटील दुसरे, आंबेडकर तिसरे. म्हणजे ‘तिसऱ्याला मत देऊ नका’ हा सल्ला मानायचा तर अकोल्याच्या मतदाराने २००९ आणि २०१९ मध्ये काँग्रेसला सोडायला हवे होते, आणि २०१४ व २०२४ मध्ये आंबेडकरांना. तिसरा कोण हे मोजणी झाल्यावर कळते. सल्ला मतदानाच्या आदल्या दिवशी मिळतो, आणि तो देणारा दर वेळी स्वतःला दुसरा समजत असतो.

बेरीजही दर वेळी एकच उत्तर देत नाही. २००९ आणि २०१४ मध्ये दोघांची मते एकत्र केली तर ती धोत्रेंपेक्षा जास्त भरतात. २०१९ मध्ये मात्र धोत्रेंना साडेपाच लाखांवर मते होती. आंबेडकर आणि पटेल यांची एकत्रित मते पाच लाख ३३ हजार. त्या वर्षी दोघे एकत्र असते तरी कागदावर पराभवच होता. २०२४ मध्ये दोघांची बेरीज सहा लाख ९३ हजार, आणि विजेता चार लाख ५७ हजारांवर. १९९८ चा निकाल सांगतो की अकोल्यात ही मते एका झेंड्याखाली येऊ शकतात. ती आणण्याचे काम जागावाटपाच्या बैठकीत बसलेल्या पुढाऱ्यांचे होते. बैठक फिसकटते आणि पुढे पाच वर्षे त्याचा जाब वस्तीतल्या मतदाराला विचारला जातो, हा उघड अन्याय आहे.

विधानसभेला तर क्रमांकाची भाषाच मोडून पडते. २०२४ मध्ये अमरावती मतदारसंघात राष्ट्रवादीच्या सुलभा खोडके सुमारे ६० हजार मतांवर जिंकल्या. काँग्रेसचे सुनील देशमुख आणि आझाद समाज पक्षाचे अलीम पटेल दोघेही साडेचोपन्न हजारांच्या आसपास थांबले आणि भाजपचे बंडखोर जगदीश गुप्ता यांनी ३४ हजारांच्या घरात मते घेतली. विजयी उमेदवाराला ३० टक्केही मते नव्हती. अकोला पश्चिममध्ये काँग्रेसचे साजिद खान पठाण अवघ्या १,२८३ मतांनी जिंकले, आणि तिथे भाजपमधून बंडखोरी केलेले हरीश आलिमचंदानी २१ हजारांवर मते घेऊन गेले. मतविभाजनाचा फटका एकाच बाजूला बसतो असे नाही, हे या एका जागेवरून स्पष्ट व्हावे.

आणि तिसरा पहिलाही होतो. अमरावती शहराचा काही भाग ज्या बडनेरा मतदारसंघात येतो, तिथे २००९ मध्ये राष्ट्रवादीच्या आमदार सुलभा खोडके यांना हरवून रवी राणा अपक्ष म्हणून आले, आणि २०१४ व २०१९ मध्येही अपक्ष म्हणूनच जिंकले. अचलपूरने बच्चू कडूंना २००४ ते २०१९ या काळात चार वेळा निवडून दिले. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, ही बसपचे संस्थापक कांशीराम यांची मांडणी याच जातीची. लहान पक्षाच्या मतांना जागेपलीकडेही कायदेशीर किंमत असते. वैध मतांचा सहावा हिस्सा ओलांडला तर अनामत रक्कम परत मिळते, आणि राज्यात ठरावीक टक्केवारी गाठली तर पक्षाला मान्यता व राखीव चिन्ह मिळू शकते. २०१९ च्या लोकसभेत वंचितचा स्वतःचा एकही खासदार झाला नाही, पण राज्यात ३७ लाखांवर मते मिळाल्यावर तिला विचारात न घेता कोणत्याही पक्षाला जागावाटपाचा हिशेब मांडता येईना. बुलढाण्यात तुपकरांच्या अडीच लाख मतांमागे सोयाबीन-कापसाच्या भावाचा संताप होता आणि तो निकालपत्रात नोंदला गेला.

तरीही नुकसान खरे असते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मते होती. त्या एका राज्याने राष्ट्राध्यक्ष ठरवला. ज्याला दोन मोठ्या उमेदवारांपैकी एक अगदीच नको आहे आणि लढत अटीतटीची आहे, त्या मतदाराने दुसऱ्याला मत दिले तर तो आपल्या मताशी बेइमानी करत नाही. मात्र पावणेतीन लाखांच्या फरकाने लागलेल्या निकालात, जसा २०१९ मध्ये अकोल्यात लागला, हरलेल्यांची सगळी मते आणि विजेत्याची वरची लाखो मतेही त्याच अर्थाने वाया गेलेली असतात. ती वाया गेली असे कोणी म्हणत नाही.

या पेचावर उपाय आहे, आणि अमरावती विभागातले पदवीधर व शिक्षक तो वापरतात. विधान परिषदेच्या या मतदारसंघांत मतपत्रिका कागदी असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनाने मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीत कोणी ठरलेला कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. २०२० मध्ये शिक्षक मतदारसंघातून किरण सरनाईक हे अपक्ष अशाच मोजणीतून जिंकले. २०२३ मध्ये पदवीधर मतदारसंघात काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे रणजित पाटील यांना हरवले, तेव्हाही पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण झाला नव्हता आणि मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. इथे तिसऱ्याला पहिली पसंती देणाऱ्याला दुसरा कोण हवा, याचा अंदाज बांधावा लागत नाही; तो त्याच्याच हाताने लिहिलेला असतो. ऑस्ट्रेलियात संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी १९१८ पासून पसंतीक्रमच आहे. लोकसभा आणि विधानसभेला ही पद्धत आणायची तर कायदा बदलावा लागेल, एका बटणाची मतयंत्रे बदलावी लागतील आणि निकालासाठी जास्त वेळ थांबावे लागेल.