मनाचा डॉक्टर शोधताना

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून माझा एक विद्यार्थी वसतिगृहावर परतला तो गप्पगप्पच. बी.ए.चे दुसरे वर्ष, घरातला पहिलाच शिकणारा. महिनाभर त्याला झोप नव्हती. तास संपल्यावर एकदा म्हणाला, "सर, मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता." मी हादरलो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. असे विचार माझ्याही मनात येऊन गेलेले. पण ते कुणाजवळ बोलावेत, हे मला कुणी सांगितले नव्हते.

आईने त्याला अंगारा लावून आणला. चळवळीतले मित्र म्हणाले, "रोग व्यवस्थेला आहे, त्यावर औषध लढाच." तालुक्याच्या गावी एका समुपदेशकाकडे नेले, तर तो म्हणाला, "जात डोक्यातून काढून टाक, सगळे ठीक होईल." पोरगा पुन्हा तिथे गेला नाही.

व्यवस्था दोषी आहेच. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या मृत्यूंवर मनाच्या दुबळेपणाचे पांघरूण घालता येणार नाही. पण घाव बाहेरून झाला म्हणून जखमेवर उपचार करायचे नाहीत काय? लाठीने डोके फुटलेल्या कार्यकर्त्याला आपण आधी दवाखान्यातच नेतो.

मग जायचे कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर; तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. समुपदेशकाची पाटी मात्र चार दिवसांचा वर्ग केलेलाही लावतो, म्हणून शिक्षण विचारून घ्यावे. आणि पहिल्याच भेटीत एक गोष्ट पाहावी: जातीवरून झालेला अपमान सांगितला की हा माणूस ऐकतो, की "आता कुठे राहिली जात?" म्हणतो? तसे म्हणाला तर उठावे, दुसरा शोधावा. मात्र शोध सोडू नये.

पैशाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट, मराठीत बोलता येते. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केला आहे. त्यात भेदभाव करता येणार नाही, असे सांगताना कायद्याने जातीचे नाव घेतले आहे. आजाराची माहिती गुप्त राखणेही बंधनकारक आहे.

आम्ही सिव्हिललाच गेलो. केसपेपर काढला, दोन तास बाकावर बसलो. आतल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "वसतिगृहात काय झालं?" तेव्हा कळले, स्कॉलरशिपवरून खोलीतली पोरे त्याला रोज 'सरकारचा जावई' म्हणत होती. तो प्रथमच मोकळा रडला. औषध सुरू झाले, दर पंधरवड्याला बोलणे सुरू झाले. खोलीचा प्रश्न मी वॉर्डनकडे नेला. उपचार आणि तक्रार, दोन्ही लागले. यंदा तो तिसऱ्या वर्षाला आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या महाविद्यालयात अजून नाही; मी लेखी अर्ज दिला आहे. शिक्षक मित्रांनो, तुम्हीही द्या. आणि तोवर ओपीडीचे वार व १४४१६ हा क्रमांक वसतिगृहाच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.