शाळेविना घडलेला पेंटर

7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ हा मूकपट लागला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूराव पेंटरांना सुवर्णपदक दिले आणि ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. या माणसाने कलाशाळेची पायरी कधी चढली नव्हती.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890चा, कोल्हापूरचा. वडील सुतारकामात आणि शिल्पकामात मुरलेले. हत्यार धरायची सवय घरातली, पण तैलरंगातली व्यक्तिचित्रे बाबूराव स्वतःच शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर महालाची खोली उभी करायची आणि ती शेवटच्या रांगेतूनही खरी वाटली पाहिजे, हीच त्यांची शाळा. मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले ते याच कामामुळे.

दोघांनी चित्रपट काढायचे मनावर घेतले. 1916 मध्ये आनंदराव गेले. महायुद्धाच्या त्या दिवसांत परदेशी कॅमेरा मिळणे कठीण, तेव्हा बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने कॅमेराच घडवला. हे काम घड्याळाइतके नाजूक असते. हँडल फिरवताना फिल्म एकसारखी सरकून चालत नाही. भिंगामागे ती क्षणभर थांबली पाहिजे, तिच्यावर उजेड पडला पाहिजे, मग झडप मिटून पुढची चौकट आली पाहिजे. एक दाता चुकला की चित्र थरथरते.

चेहरा रंगवताना गालाचा उंचवटा आणि डोळ्याची खोबण छायाप्रकाशाने उठवावी लागते. मूकपटात रंग नव्हते, शब्दही नव्हते, उरला होता तो हाच छायाप्रकाश. म्हणून चित्रकाराची नजर तिथे सर्वांत जास्त कामी आली. आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव प्रसंग आणि वेशभूषा आधी कागदावर रेखाटत, जाहिरातीची पोस्टरेही स्वतः रंगवत. 1925च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम 1929 मध्ये बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला आणली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. बाबूराव मात्र पुढे चित्रकला आणि शिल्पाकडेच वळले. 16 जानेवारी 1954 रोजी ते गेले.

प्रभातच्या त्याच जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट चालते. तिथे अभ्यासक्रम आहेत, शिक्षक आहेत, यंत्रे आहेत. बाबूरावांना यातले काहीच मिळाले नाही. त्यांनी हाताखालच्या पोरांना मात्र सगळे शिकवले. पुण्याच्या चित्रपट-शिक्षणाचा इतिहास लिहिताना पहिले पान प्रभातला नव्हे, कोल्हापूरच्या या पेंटरला द्यायला हवे.