एक तारखेचा पगार

दिवाळीत धाकट्या बहिणीकडे कळसाडीला गेलो, की ओसरीवरच्या खाटेवर आडवे व्हायचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. यंदा तो मोडला. भाच्याने घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या उचलून धान्याच्या खोलीत चारी भिंतींना टांगल्या होत्या, आणि पाहुण्यांना पांघरायला काय द्यायचे, म्हणून घरातल्या बायका त्याच्या नावाने बोटे मोडत होत्या.

"मामा, उघड्या भिंतीवरून आवाज परत फिरतो, रेकॉर्डिंग घुमतं. गोधडीइतका स्वस्त इलाज नाही," तो म्हणाला, आणि त्याच दमात दुसरी बातमी दिली. पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा लिहून तयार होता. त्याला पॉडकास्ट तयार करून देण्याचा व्यवसाय काढायचा होता.

"दादा, तू बँकेत होतास. आता तूच सांग याला," बहीण म्हणाली. मेहुणे गप्पच होते. त्यांचा जन्म शेतीत गेला. पावसाच्या आणि बाजारभावाच्या भरवशावर घर चालवलेल्या माणसाला मुलाच्या एक तारखेच्या पगाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम. आता लोक तो पाहतातही. २००४च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सले या पत्रकाराने 'गार्डियन'मधल्या लेखात हा शब्द वापरला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' यांची ती मोट. आमच्या लहानपणी आकाशवाणीवरच्या श्रुतिकेची वेळ चुकली की चुकली. ही नवी सोय मलाही आवडते. पण ऐकणारा पैसे देत नाही, मग घर कोण चालवणार?

जुनी खोड जात नाही. मी वही मागितली आणि कर्जाचा अर्ज तपासावा तसे प्रश्न सुरू केले.

पहिल्याच उत्तराने मी जरा सावरून बसलो. स्वतःचा कार्यक्रम गाजेल, जाहिराती येतील, असल्या आशेवर तो नव्हता. कंपन्या, डॉक्टर, प्रकाशक यांना स्वतःचे कार्यक्रम हवे असतात. ध्वनिमुद्रण, काटछाट, योग्य जागी चढवणे हे काम त्यांना येत नाही. म्हणजे हा नवरदेव नव्हे, मांडववाला. लग्न कसेही होवो, मांडववाल्याचे बिल ठरलेले. फक्त ते वसूल व्हायला हवे! तासाभराच्या गप्पांतले खोकले, अडखळणे, शंभर वेळा आलेले 'म्हणजे' काढायला त्याचा अख्खा दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी त्याने धरलीच नव्हती. ती मी धरायला लावली.

त्याने नावे सांगितली. चित्रपट-पत्रकारितेतून आलेले सौमित्र पोटे यांचे 'मित्रम्हणे', ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचे 'अमुक तमुक'. मुंबईत अमित दोशी यांनी उभी केलेली 'आयव्हीएम पॉडकास्ट्स' तर २०२० मध्ये 'प्रतिलिपी'ने विकत घेतली. पोटे यांच्याकडे पत्रकारितेतल्या वर्षांची ओळखपाळख होती, प्रश्न विचारायची सवय होती. "तू काय घेऊन निघणार?" मी विचारले. तो म्हणाला, आठ महिने रात्री जागून एका प्रकाशकाचे काम करतोय. एक गिऱ्हाईक. दुसरे अजून नाही.

२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, हे त्याला ठाऊक होते. पण हप्ता दर महिन्याला येतो आणि गिऱ्हाईक तीन-तीन महिने फिरवते, हे ठाऊक नव्हते. मायक्रोफोनसाठी कर्ज काढू नकोस, असे मी स्पष्ट सांगितले. वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात आणि पैसे देणारी दोन गिऱ्हाइके हातात, तोवर राजीनाम्यावर तारीख घालायची नाही.

त्याने मान डोलावली, आणि मग शांतपणे विचारले, "मामा, तुम्ही का नाही सोडलीत?"

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. लाखभर माणसे बाहेर पडली. मी चाळिशीत होतो, दुसरी कादंबरी अर्धी लिहून झाली होती. अर्ज भरला, सहीसुद्धा केली. मुलीची दहावी आणि घराचे कर्ज पुढे होते. शेवटच्या दिवशी तो कागद खणात राहिला. नोकरी साठीपर्यंत केली, पेन्शन मिळते, पुढे कादंबऱ्याही झाल्या. ती अर्धी राहिलेली मात्र पुन्हा हाताला लागली नाही. चूक केली का? हिशेब मांडला तर नाही. तरी तो खण मी अजून रिकामा केलेला नाही.

हे मी भाच्याला सांगितले. बहीण दाराशी उभी राहून ऐकत होती, हे मागाहून कळले.

रात्री गारठा पडला. तिने धान्याच्या खोलीतून एक गोधडी सोडवून माझ्या खाटेवर टाकली. बाकीच्या तिथेच राहू दिल्या.