विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप : खरेदीपूर्वी काय पाहावे?

मुलांच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घ्यावा, ही मागणी आता केवळ शहरी कुटुंबांतूनच होते असे नाही. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या 'दीक्षा' मंचावर शालेय पाठांच्या ध्वनिचित्रफिती उपलब्ध आहेत. पुढील शिक्षणासाठी 'स्वयम्' आहे. खरेदीची वेळ आली म्हणजे पालक सल्ला विचारतात तो बहुधा गावातील शिक्षकाला अथवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला. एका हंगामाची सारी शिल्लक ज्या खरेदीत जावयाची, ती वस्तू दुसऱ्याच वर्षी अडगळीत पडू नये, एवढ्यासाठी काही तांत्रिक बाबी समजून घेणे आवश्यक ठरते.

लॅपटॉपमधील काही भाग नंतर बदलता येतात, तर काही कायमचे असतात. प्रोसेसर, पडदा आणि वजन हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. मर्यादित रकमेचा मोठा भाग याच गोष्टींवर खर्च होईल असे पाहावे.

लेखन, वाचन, गणिताचे तक्ते ही कामे कोणताही संगणक करतो. त्याची खरी परीक्षा होते ती ध्वनिचित्रफीत पाहताना. चित्रफीत संगणकात येते ती आकुंचित करून बांधलेल्या स्वरूपात. ती क्षणोक्षणी उलगडून सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे पडद्यावर मांडावी लागतात. त्यासाठी प्रोसेसरमध्ये वा त्याच्या जोडीला असलेल्या चित्रयंत्रणेत स्वतंत्र सोय केलेली असते. परंतु ही सोय तिला ठाऊक असलेल्या संकेतपद्धतीच उलगडू शकते. 'एच.२६४' ही पद्धत जुनी व सर्वपरिचित. 'व्हीपी९' आणि 'एव्ही१' या नंतरच्या असून यूट्यूबवर त्यांचा मोठा वापर होतो. प्रोसेसरला त्या अनोळखी असल्या तर उलगडण्याचा सर्व भार त्याच्या सामान्य कामकाजावर पडतो. मग पंखा घरघरू लागतो, यंत्र तापते, चित्र अडखळते आणि बॅटरी पाहता पाहता उतरते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून 'व्हीपी९'ची आणि अकराव्या पिढीपासून 'एव्ही१'ची सोय आली. २०२३ साली आलेला 'एन१००' हा स्वस्त प्रोसेसर विजेची बचत करणारा असून त्यात या तिन्ही सोयी आहेत. शालेय कामास तो पुरतो.

हा तपशील जुन्या यंत्रांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. कार्यालयांतून बाद झालेले लॅपटॉप दुरुस्त करून स्वस्तात विकले जातात आणि त्यांपैकी काही उत्तम असतात. तथापि विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ही, काही अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. 'आय५-८२५०' यातील ८ हा आकडा पिढी दर्शवितो. त्याहून जुने यंत्र घरी आधीच असेल, तर त्यावर सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' वा अन्य लिनक्स प्रणाली बसविता येईल. नव्याने मात्र ते विकत घेऊ नये.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही किमान अट आहे. किमान वेतनात घर जसे चालते, तसाच त्यावर संगणक चालतो! रॅम ८ जीबी असावी. ती मुख्य फलकावर जडलेली आहे की वाढविता येण्याजोगी, हे आधीच विचारून घ्यावे. साठवणीच्या बाबतीत 'ईएमएमसी' प्रकार टाळून २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. ईएमएमसी तुलनेने मंद असते आणि फलकाला जडलेली असल्याने सहसा बदलता येत नाही.

पडद्यावरील बिंदूंची संख्या १३६६ गुणिले ७६८ असेल तर एकूण बिंदू साडेदहा लाखांच्या आसपास भरतात. १९२० गुणिले १०८० असेल तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. फळ्यावरील बारीक अक्षरे चित्रफितीत वाचावयाची असतील तर हा फरक डोळ्यांना जाणवतो. पडदा 'आयपीएस' प्रकारचा असल्यास शेजारी बसलेल्या भावंडालाही चित्र स्पष्ट दिसते. दुकानात पडदा बाजूने, वरून व उजेडात पाहून घ्यावा. स्पर्शपडद्याचा मोह सोडावा.

वजनाचा विचार दप्तरासह केला पाहिजे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. चाळीस किलो वजनाच्या मुलीसाठी ही मर्यादा चार किलो होते. दीड किलोचा लॅपटॉप आणि पाव किलोचा चार्जर मिळून त्यातील जवळजवळ निम्मा वाटा व्यापतात. चौदा इंची पडदा यास्तव सोयीचा. पंधरा इंचांपुढील यंत्रे घरीच ठेवण्याजोगी.

बॅटरी किती 'तास' चालते ही जाहिरात बाजूस ठेवून तिची क्षमता वॉट-तासांत पाहावी. यंत्र चित्रफितीसाठी ८ वॉट वीज घेत असेल तर ४० वॉट-तासांची बॅटरी हिशेबाने पाच तास चालेल. कालांतराने ही क्षमता घटते. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या गावी यात काटकसर करू नये. यूएसबी-सी चार्जर असल्यास तो हरवला तरी दुसरा मिळविणे सोपे जाते.

मराठी टंकलेखनासाठी वेगळा कळफलक लागत नाही. इन्स्क्रिप्टची सोय प्रणालीतच असते.

लॅपटॉपवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. पावतीविना सवलत देऊ करणाऱ्या विक्रेत्याकडे हमीची दाद मागता येत नाही, म्हणून पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यंत्रावर किंवा चार्जरवर शोधावा. दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या ठिकाणी आहे की जिल्ह्याच्या, आणि हमीच्या काळात तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र तेथवर न्यावे लागते, हेही पैसे देण्यापूर्वी विचारावे. शाळेने वा ग्रामपंचायतीने अनेक यंत्रे घ्यावयाची असतील, तर शासकीय ई-बाजारपेठेवरील मागणीत केवळ 'लॅपटॉप' असे न लिहिता प्रोसेसरची पिढी, रॅम, साठवणीचा प्रकार, पडद्याचे बिंदू आणि बॅटरीची क्षमता स्पष्टपणे नमूद करावी.