आधी ट्रम्पेट, मग डरकाळी

इलेक्ट्रिक गिटार किंचाळतेय, ड्रम धडाधड वाजतायत आणि या सगळ्या गोंगाटाच्या डोक्यावर चढून एक माणूस गातोय. याला म्हणतात हेवी मेटल. (घरात मोठ्यानं लावाल तर पहिल्या मिनिटाला कुणीतरी ओरडणार, ते माझ्या नावावर टाकू नका!) या संगीतातला एक बडा गायक होता रॉनी जेम्स डिओ. माणूस बुटका, पण आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत धडकणारा. १९८० साली ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडबरोबर त्यानं केलेला ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम अजूनही लोक आवडीनं ऐकतात.

आता गंमत ऐका. याच रॉनीची पहिली रेकॉर्ड आली १९५८ साली, आणि तिच्यात तो गातच नाही!

रॉनीचा जन्म १९४२चा, मूळ आडनाव पाडाव्होना. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कॉर्टलंड नावाचं गाव आहे, तिथे तो वाढला. शाळकरी वयातच त्यानं मित्रांबरोबर बँड काढला. पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला एक मित्र गायला. दुसऱ्या बाजूला शब्दच नाहीत, नुसतं वादन, आणि त्यात ट्रम्पेट फुंकतोय आपला रॉनी. १९६० साली दुसरी रेकॉर्ड निघाली, तेव्हा कुठे माइक त्याच्या हातात आला. त्यानंतरची बरीच वर्षं त्यानं काय गावं? गोडगोड प्रेमगीतं आणि नाचाची गाणी! ती ऐकताना हाच तो डरकाळ्या फोडणारा माणूस, यावर विश्वास बसत नाही.

तेव्हाच्या छोट्या रेकॉर्ड मिनिटाला ४५ फेरे घ्यायच्या. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं संपेपर्यंत १३५ गिरक्या. चक्कर रेकॉर्डला येत नाही म्हणून बरं.

मग त्या मऊ आवाजात एवढा जोर आला कुठून? रॉनी गाणं शिकायला कुणाकडे गेला नव्हता. तो स्वतःच सांगायचा, की श्वास कसा घ्यायचा हे मला ट्रम्पेटनं शिकवलं.

एक फुगा फुगवा आणि त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडा. चीं चीं! हवा बाहेर पडताना रबराच्या कडा थरथरतात, त्याचा हा आवाज. आपल्या गळ्यातही स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून गेली की त्या थरथरतात. मोठ्या पुरुषाच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलतात. ट्रम्पेट वाजवताना हेच काम ओठ करतात. घड्या असोत की ओठ, हवा एकसारख्या दाबानं आली नाही तर सूर डळमळतो.

तो दाब सांभाळायचा तर छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, नीट वापरता यायला हवं. उताणे झोपा, पोटावर पुस्तक ठेवा आणि खोल श्वास घ्या. श्वासपटल खाली सरकतं आणि पुस्तक वर येतं. आता ‘स्स्स’ करत पुस्तक अगदी सावकाश खाली येऊ द्या. मध्येच धपकन खाली आलं? मग पुन्हा करा. रॉनीच्या शरीराला ही सवय लहानपणीच लागली होती.

राहिला तो खरखरीतपणा. आवाजाला मुद्दाम धार देताना घड्यांची थरथर थोडी वेडीवाकडी केली जाते. कधीकधी त्यांच्या वर असलेल्या आणखी दोन घड्याही थरथरू लागतात. त्यामुळे आवाजात उंच कंपनं मिसळतात. सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनं असलेले आवाज आपल्या कानाला सर्वांत सहज ऐकू येतात, म्हणून असा आवाज गिटारच्या कल्लोळातूनही वाट काढतो. नुसतं ओरडून मात्र हे जमत नाही, घसा तेवढा बसतो.

आणि हो, मेटलच्या कार्यक्रमात लोक तर्जनी आणि करंगळी वर करून हात नाचवतात ना? ती खूणही रॉनीमुळेच गाजली. त्यानं ती उचलली होती आपल्या इटालियन आजीकडून. आजी ती करायची दृष्ट लागू नये म्हणून!