मनोविकाराची औषधे आणि उन्हातला व्यायाम

हिंगोली जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जाणे नवलाचे राहिलेले नाही. त्यामुळे फिरायला जाणारी मंडळी पहाटेच घराबाहेर पडतात. त्यांत मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण असतात, तसेच नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकारासाठी नियमित औषधे घेणारेही असतात. पहिले दोन आजार सोबत्यांना मोकळेपणाने सांगितले जातात. मनाचा आजार मात्र बहुधा लपवला जातो. मनोविकारावरील काही औषधांमुळे उष्णता सोसण्याची शरीराची क्षमता घटते, ही माहितीही मग या लपवालपवीत मागे पडते.

व्यायाम टाळणे हा उपाय नव्हे

गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्ती इतरांच्या तुलनेत दहा ते वीस वर्षे आधी दगावतात आणि त्याला प्रामुख्याने हृदयविकारासारखे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार कारणीभूत असतात, याकडे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार लक्ष वेधले आहे. ओलांझापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी भूक आणि वजन वाढते, रक्तातील साखरही वाढू शकते. म्हणूनच या रुग्णांना व्यायामाची गरज इतरांपेक्षा अधिक असते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी या संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती म्हणजे मध्यम व्यायाम. नैराश्य कमी होण्यासही अशा चालण्याची मदत होते.

घामाचे गणित

शरीर तापले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्र त्वचेकडील रक्तपुरवठा वाढवते आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावते. क्लोरप्रोमाझिन, ओलांझापिन, क्लोझापिन अशा औषधांनी या नियंत्रणात अडथळा येऊ शकतो. हातापायांचा कडकपणा कमी करण्यासाठी जोडीला दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल आणि नैराश्यावरील अमिट्रिप्टिलिन ही औषधे घामच कमी करतात. घाम आला नाही म्हणजे ऊन बाधले नाही, असा समज अशा वेळी घातक ठरतो. याउलट, नैराश्यावरील सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी काहींना नेहमीपेक्षा जास्त घाम येतो आणि अंगातील पाणी लवकर घटते. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांची त्वचा थोड्याशा उन्हानेही भाजल्यासारखी लाल होऊ शकते. त्यांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी किंवा उपरणे आवश्यक आहे.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ६१९ जणांचा बळी गेला. त्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा ज्या दीर्घकालीन आजारांत धोका वाढल्याचे दिसले, त्यांत स्किझोफ्रेनिया अग्रभागी होता. त्यामागे औषधांबरोबरच एकाकीपणा आणि गरिबी हीदेखील कारणे असू शकतात. ज्याची विचारपूस करणारे कोणी नाही, त्याला उन्हाचा फटका अधिक बसतो.

लिथियम : पाणी आणि मिठाचा तोल

द्विध्रुवी विकारात लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रथम मांडला. आजही हे औषध मोलाचे मानले जाते. परंतु त्याची उपयुक्त आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. मूत्रपिंडे लिथियमला जवळपास मिठातील सोडियमसारखीच वागणूक देतात. घामावाटे पाणी आणि मीठ गेले, की सोडियम राखून ठेवण्याच्या प्रयत्नात लिथियमही शरीरात साठू लागते. हातांचा ठळक कंप, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि रक्तातील लिथियमची पातळी तपासून घ्यावी.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवायला हव्यात. चालून गुडघे दुखले, की औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणण्याची सवय घरोघरी असते. या गोळ्यांमुळेही लिथियमची पातळी वाढते. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दुसरी गोष्ट उपवासाची. निर्जळी एकादशी असो वा रमजानचा रोजा, लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच तो धरावा आणि त्या दिवशी दमवणारा व्यायाम करू नये. आहारातील मीठही एकाएकी कमी वा जास्त करू नये, कारण मीठ फार वाढल्यास लिथियमची पातळी घसरून औषधाचा प्रभाव कमी होतो.

चक्कर, गुंगी आणि नाडीचे ठोके

अनेक मनोविकारविरोधी औषधांनी उभे राहताना रक्तदाब एकदम उतरतो. पहाटे अंथरुणातून उठताना आधी दोन-तीन मिनिटे बसावे, मग उभे राहावे. व्यायामही झटकन न थांबवता गती हळूहळू कमी करावी. रात्री घेतलेल्या क्लोनाझेपामसारख्या गोळीची गुंगी सकाळी उरली असेल, तर महामार्गाच्या कडेने सायकल चालवणे किंवा विहिरीत, धरणाच्या पाण्यात पोहायला उतरणे जिवावर बेतू शकते. कंप किंवा धडधड यांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असल्यास नाडी फारशी वाढतच नाही. त्यामुळे नाडीचे ठोके मोजून व्यायामाचा जोर ठरवणे अशांना फसवे ठरते. चालताना बोलता येते की नाही, हीच कसोटी त्यांनी वापरावी.

हिंगोलीच्या ऋतूंत

मे महिन्यात येथे सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो. त्याच्या आसपास निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. सूर्य मावळला तरी डांबरी रस्ता आणि काँक्रीट बराच वेळ गरम राहतात, म्हणून सायंकाळपेक्षा पहाट बरी. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याने दहा मिनिटांपासून आरंभ करून एक-दोन आठवड्यांत वेळ वाढवावा. उष्णतेची सवय होण्यास शरीराला तेवढा अवधी लागतो. औषध नवीन असेल किंवा मात्रा नुकतीच वाढवली असेल, तर हाच क्रम पुन्हा पाळावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा निसरड्या होतात. तोल डळमळत असल्यास घरातील किंवा मंगल कार्यालयाच्या ओट्यावरील व्यायाम सुरक्षित. आषाढीच्या वारीला पायी निघणाऱ्यांनी किंवा श्रावणात औंढा नागनाथला चालत जाणाऱ्यांनी पुरेशी औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी, शिवाय सोबतच्या एकाला तरी औषधांची कल्पना द्यावी. गोळ्या उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नयेत.

वेळ ओळखण्यात चूक नको

उष्माघातात माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, आपण कोठे आहोत हे त्याला उमगत नाही. मनोरुग्णाच्या बाबतीत हीच लक्षणे पाहून ‘आजार पुन्हा उफाळला’ असे घरचे समजतात आणि मोलाचा वेळ जातो. उन्हातून आलेल्या माणसाचे वागणे अचानक बदलले, तर प्रथम अंगाला हात लावून पाहावा. अंग तापलेले असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही. तापासोबत अंग लाकडासारखे ताठ झाले असेल, तर तो औषधाचाच दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणाम असू शकतो. चालू गोळ्यांची यादी रुग्णालयात आवर्जून दाखवावी.

उन्हाची धास्ती घेऊन औषध मनाने बंद करणे हा सर्वांत मोठा धोका होय, कारण आजार उलटला तर व्यायाम आणि दिनक्रम दोन्ही कोलमडतात. उन्हाळा लागण्यापूर्वीच मनोविकारतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारावेत : या औषधाने घाम कमी होतो का, पाणी किती प्यावे आणि रक्ततपासणी कधी करावी? मानसिक आरोग्याबाबत सल्ल्यासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. चालणे चालू राहावे आणि गोळीही. दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.