घाबरट ससे आणि आमची घाई

चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर असलेल्या आमच्या भाच्याला ब्रेक मिळाला, तेव्हा त्याने एक पांढरा नर आणि दोन माद्या विकत आणल्या. "मामा, जोडधंदा होईल. पिल्ले तोच माणूस परत विकत घेणार आहे," असे तो म्हणाला. त्याच्या घरमालकाने आठवडाभरातच हरकत घेतली आणि पिंजरे आमच्या चिंचवडच्या घरी, पत्र्याच्या पडवीत आले. दोन महिन्यांनी त्या विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीच्या योजनेत राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे अशाच वचनावर अडकले होते. वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही आम्हाला ते वेळेवर आठवले नाही, हे कबूल केले पाहिजे.

ससे तर घरात आले होते. पुढचे नुकसान मात्र कुणी फसवल्यामुळे झाले नाही. ते आमच्या हातून झाले.

तिन्ही ससे चार महिन्यांचे आणि कमालीचे बुजरे होते. कुकरची शिट्टी झाली तरी मागचा पाय दाणकन आपटत. मुले वरून हात घालून कान धरून उचलू पाहत. कान धरून ससा कधीही उचलू नये. त्याचे मागचे पाय जोरदार आणि पाठीचा कणा नाजूक असतो. हवेत लटकून त्याने लाथ झाडली तर स्वतःच्याच झटक्याने कणा मोडतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली घेऊन त्याला अंगाशी धरावे, आणि परत ठेवताना मागचा भाग आधी आत सोडावा. घार वरून झडप घालते, म्हणून वरून येणारा हात त्याला शत्रूचा वाटतो. नाकासमोरचे त्याला नीट दिसतही नाही. तेव्हा हात बाजूने न्यावा. आणखी एक. ससा उताणा केला की निपचित पडतो, मुलांना वाटते त्याला लाड आवडले. तो भीतीने गोठलेला असतो.

आमच्या पत्नीने यावर साधा उपाय काढला. संध्याकाळी ती पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून भाजी निवडी. पकडायचे नाही, बोलवायचे नाही. काही दिवसांनी एक मादी तिच्या हातातून कोथिंबिरीची काडी घेऊ लागली. आम्ही तेवढे थांबलो असतो तर बरे झाले असते.

भाच्याला पैशांची निकड होती. माद्या सहा महिन्यांच्या होताच त्याने लागण करायचे ठरवले आणि आम्हीही मान डोलावली. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यावी, नर तिच्याकडे नेऊ नये, एवढे आम्ही विचारून घेतले होते. स्वतःच्या जागेत मादी नराला चावते. गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा. कारकुनी सवयीने तारीख वहीत लिहिली, २८व्या दिवशी वाळके गवत घालून लाकडी खोका ठेवला. जी मादी अजून हातावर येत नव्हती, तीच आधी व्याली. स्वतःच्या पोटाचे केस उपटून तिने गादी केली, त्यात सहा उघडी, डोळे मिटलेली पिल्ले.

आणि मग शेजारपाजारची मुले बघायला आली. मादी दिवसभर खोक्याकडे फिरकेना. आम्हाला वाटले, पिल्ले टाकली. तिला धरून चार वेळा खोक्यात कोंबले. ड्रॉपरने गाईचे दूध पाजले. धडपडीत तिने दोन पिल्ले तुडवली, उरलेली तिसऱ्या दिवसापर्यंत गेली. भाचा काही बोलला नाही, खोका धुऊन उन्हात ठेवला.

नंतर सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी सांगितले ते ऐकून मान खाली गेली. सशीण पिल्लांजवळ बसून राहतच नाही. चोवीस तासांत एक-दोनदा, तेही तीन-चार मिनिटे पाजते आणि निघून जाते. शत्रूला घर कळू नये म्हणून निसर्गानेच तिला ती सवय दिली आहे. ती आई निर्दय नव्हती. आम्हीच तिला कळू दिले नाही की घर सुरक्षित आहे. सकाळी एकदा पिल्लांची पोटे गोल दिसली म्हणजे दूध मिळाले असे समजावे. मेलेले पिल्लू असेल तर हाताला खोक्यातले गवत चोळून ते काढावे, आणि झाकण लावावे.

त्यांनी आणखी एक बजावले. पोट बिघडले म्हणून आपल्या घरातली अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनची गोळी सशाला देऊ नये. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, तिथल्या पेनिसिलिनने माणसे वाचली. पण ते तोंडावाटे सशाच्या पोटात गेले तर पचनाचे उपयुक्त जंतू मरतात आणि ससाही दगावतो.

एप्रिल-मे आम्ही लागण केली नाही. पत्र्याखालच्या उकाड्याने नर काही आठवडे निकामी होतो. ओले गोणपाट टाकून तिघांना जगवले, एवढेच. पावसाळ्यात कोथिंबीर खाणारी मादी व्याली. मुलांना पडवीत बंदी, खोक्यावर जुने लुगडे. बाराव्या दिवसापर्यंत पिल्लांचे डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्यात ती बाहेर आली. सातपैकी पाच जगली. एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, मादी व्याल्या दिवशीही पुन्हा गाभण राहू शकते.

भाच्याला दिवाळीनंतर काम लागले. धंद्याचा नाद त्याने सोडला, पण रविवारी चाकणहून गवताचा भारा घेऊन येतो. नराचा पिंजरा पडवीच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्याची किल्ली आमच्या पत्नीच्या कनवटीला.